जंगी पलटणीतले आबा आणि आमचं गुऱ्हाळ

कराडच्या खाली कृष्णाकाठानं निघालात की डिसेंबरात आधी ह्या धुराचाच वास येतो. हे आमचं गुऱ्हाळ. आणि काहिलीशेजारी, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईशेजारी, पांढऱ्या टोपीत उभे, कॅमेऱ्याकडं एकदाही न बघणारे, ते आमचे आबा. मागच्या हंगामातलं शूटिंग आहे हे.

आता नीट बघा. रस काहिलीत, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं. रस तापला की रानभेंडीचं चिकट पाणी सोडायचं, म्हणजे मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायचं, इथं घाई केली की गूळ काळा पडतो, मग लोक हायड्रॉस पावडर मारतात, गूळ पिवळाधमक, व्यापारी खूश. आबांनी ती पुडी आवारात येऊ दिली नाही, भाव कमी मिळाला तरी नाही. थर्मामीटर 118 अंशांच्या आसपास गेला की उतरवायचं असं म्हणतात, पण आबा पाक गार पाण्यात सोडायचे, गोळी वळायचे, काहिलीच्या काठावर आपटायचे, टण्ण वाजली की म्हणायचे, "चला, उतरवा." दिवसभरात एवढंच काय ते मोठ्यानं बोलणं.

ही त्यांची ट्रंक. वर सोसायटीच्या पावत्या, आजीच्या गोळ्यांची चिठ्ठी, आणि तळाला पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल, 1971 च्या लढाईची पदकं. बेळगावला ट्रेनिंग झालं, मग पहिली मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची 1768 सालची जंगी पलटण. डिसेंबर 1971 ला, बांगलादेशच्या लढाईत, ही पलटण तिथल्या जमालपूरच्या मागं ढाक्याचा रस्ता अडवून बसलेली. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, तर पलीकडच्या पाकिस्तानी कर्नल सुलतान अहमदनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. 10 तारखेच्या रात्री त्यांची फौज निसटायला निघाली ती सरळ मराठ्यांच्या मोर्च्यांवर, 11 ला जमालपूर पडलं, 16 ला ढाका. आबा तिथंच होते. आम्ही लहानपणी कितीही खोदून विचारलं तरी उत्तर एकच, "थंडी लई होती रं."

त्या साली हंगाम आजीनं एकटीनं काढला, मोठी आत्या पोटात असताना. एरवी आबा रजाच मागायचे गुऱ्हाळाच्या दिवसांत, आणि आजी म्हणते, बूट काढायच्या आधी चुलवाण बघायचे. पुढं पेन्शन सुरू झाली, ती धाकट्या भावाच्या पोरींच्या शिक्षणाला गेली. आजीचा उजवा हात पॅरालिसिसनं गेल्यापासून तिची वेणी आबाच घालत होते, हे बघा, आधी तेल, मग तीन पेड, आणि आजी आरशात बघून चुका काढतीय.

जूनमध्ये आबा गेले.

यंदा काहिलीवर धाकटी आत्या आहे. पोरीबाळींचं काम नव्हे हे, असं म्हणणारे गावात बरेच होते, आबांनी त्यांना चहा पाजला आणि झारा तिच्याच हातात दिला. गूळ तांबूसच निघतोय, व्यापारी अजून कुरकुरतोय, आणि पुण्याची काही घरं मात्र ढेपा आधीच सांगून ठेवतात.