वार, इंच आणि सूत

(दृश्य: लाकडी टेबल, निळा खडू, कात्री.)

कात्री कापडात शिरताना होणारा हा आवाज जरा ऐका. दुसऱ्या महायुद्धाआधी मराठी घरातल्या बऱ्याच कपड्यांच्या वाट्याला तो कधी आलाच नव्हता. लुगडं, धोतर, उपरणं, डोक्याचा रुमाल... मागावरून उतरायचं आणि तसंच अंगावर चढायचं. शिंप्याकडे जायचं ते चोळीसाठी, सदऱ्यासाठी, फार तर कोटासाठी.

(दृश्य: आजी नऊवारी नेसताहेत.)

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. आजींचे हात बघा. कंबरेला गाठ बसली. निऱ्या झाल्या, त्यांचं केळं करून खोचलं. पायांतून मागे गेला तो काष्टा. पुढे ओचा, त्यात शेंगाही मावतात आणि किल्ल्याही. पैसे कनवटीला. शेवटी पदर. आत परकर नाही, नाडी नाही, पिन नाही. एवढ्यावर बायकांनी गुडघाभर चिखलात भात लावला, मासळीच्या पाट्या वाहिल्या, मुंबईच्या गिरण्यांत पाळ्या केल्या. कुठल्याही शिंप्याला याहून पक्कं काही शिवता आलं नसतं, आणि हे आमच्या चित्रफितीतल्या शिंपीकाकांचंच मत आहे.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. कापड दुकानापुढची रांग.)

युद्धात गिरण्या फौजेसाठी खाकी विणू लागल्या आणि बाजारातलं कापड आटलं. 1943 मध्ये सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं, ठाणावर किंमत छापून येऊ लागली. लोकांनी त्याला नाव दिलं ‘कंट्रोलचं कापड’. जानेवारी 1948 मध्ये नियंत्रण उठलं, भाव भडकले आणि त्याच वर्षी ते पुन्हा बसलं.

याच काळात, 12 फेब्रुवारी 1947 रोजी, पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर ख्रिस्तियन दिओर यांनी आपले घेरदार स्कर्ट लोकांपुढे मांडले. युरोपातही टंचाई होतीच, पण तिथल्या फॅशननं वारच्या वार कापड मागायला सुरुवात केली. आपल्याकडे मात्र बाईच्या अंगावरचं कापड तीन-चार वारांनी कमी झालं.

शहरांतल्या शिकलेल्या बायका गोल पातळ, म्हणजे काष्टा न घालता नेसायची पाचवारी, त्याआधीपासूनच नेसत होत्या. युद्धानंतर शाळा, कॉलेज, टेलिफोन एक्स्चेंज, कचेरी अशी पाचवारी सगळीकडे गेली. कापड मोजून मिळण्याच्या दिवसांत घरातल्या मोठ्यांचा विरोधही सैल पडला असणार.

पण पाचवारीच्या आत परकर लागतो. इथून पुढची गोष्ट या टेबलावरची आहे.

(दृश्य: पॉपलीनची घडी उलगडते.)

सहा कळ्यांचा परकर बेतताना काका कापडावर तिरप्या रेघा मारतात. एक कळी सुलटी, शेजारची उलटी. एकीचं रुंद टोक दुसरीच्या अरुंद टोकाला लागून. म्हणून चिंधी जवळजवळ निघतच नाही. टंचाईत वाढलेल्या हातांना ही सवय असते. मग एकीची तिरपी कड दुसरीच्या सरळ कडेला जोडायची. दोन्ही तिरप्या जोडल्या, तर धुतल्यावर घेर लोंबतो. वर नेफा, नेफ्यात नाडी.

ब्लाऊज त्याहून अवघड. पुढे गाठ मारायच्या खणाच्या चोळीत सैल-घट्ट आपल्या हातात होतं. हुकांच्या ब्लाऊजमध्ये ते शिंप्याच्या हातात आलं. छातीवरच्या कटोरीचे दोन तुकडे, बाही जोडायच्या मुंढ्याचा गोल, आकार देणाऱ्या चुण्या म्हणजे टक्स. इथं माप इंचात बोलायचं आणि सुतात पाळायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढं चुकलं, तरी खांद्यावर चुणी उभी राहते.

(दृश्य: काका पँटचं माप घेताहेत.)

पुरुषांचंही तेच. बापाचं धोतर मुलगा नेसू शकायचा. पँटला कंबर, सीट, मांडी, गुडघा, बॉटम, सगळं ज्याचं त्याचं. बुशशर्ट आला फौजेच्या खाकीतून. न खोचता घालायचा, म्हणून आपल्या उकाड्यात पटकन रुळला. धोतर सरकारी हिशेबात मात्र महत्त्वाचं होतं. हातमागाला काम राहावं म्हणून 1953 मध्ये कायदा झाला. ठरलेल्या वाट्याहून जास्त धोतरं काढणाऱ्या गिरण्यांना त्यावर जादा अबकारी कर भरावा लागे. पण तोवर कचेरीतल्या तरुणांनी धोतर सणावारापुरतं ठेवायला सुरुवात केली होती.

1950 च्या दशकातला पँटचा ढगळ बॉटम 1960 च्या दशकात अरुंद झाला. टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताचं मिश्र कापड आलं, इस्त्रीची घडी दिवसभर मोडेना. वाराच्या जागी मीटर आला. नऊवारी मात्र नऊवारीच म्हटली जाते.

(दृश्य: मापांची वही. पानापानावर टाचलेले कापडाचे तुकडे.)

हा बुशशर्टचा. हा पॉपलीनचा. हा टेरिकॉटचा.

पुढे तयार कपडे आले, 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बंद पडत गेल्या, आणि या दुकानात आता बरंचसं काम ऑल्टरेशनचं असतं.

(दृश्य: टेबलावर हिरवी नऊवारी.)

आज एक मुलगी आली आहे. तिला नऊवारी शिवून हवी आहे, पायजम्यासारखी चढवता येईल अशी, काष्ट्यासकट. काकांनी चष्मा पुसला. नऊ वार टेबलभर पसरले, काठावरून हात फिरवून काष्टा कुठं पडेल ते पाहिलं, खडूनं खूण केली. वहीत नवं पान उघडलं. कंबर, सीट, उंची. लग्न मंगळवारी आहे.