पान सोडण्याआधी

मित्रांनो, ज्यांच्याबद्दल आपण लिहितो ती माणसं दुसऱ्या दिवशी जिन्यात समोर येतात, हे विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचं वेगळेपण. म्हणून इथली जबाबदारी फार जवळून तपासली जाते. एक जुनं उदाहरण घेऊ.

1983 सालचा मे महिना. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात हेझलवूड ईस्ट या शाळेत ‘स्पेक्ट्रम’ या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचा अंक तयार होत होता. 13 मेच्या अंकाची प्रुफं, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रती, 10 मेला मुख्याध्यापकांकडे गेली. दोन लेख त्यांना खटकले. पहिला गरोदर राहिलेल्या तीन विद्यार्थिनींचा. नावं बदलली होती, पण मजकुरावरून मुली ओळखू येतील अशी त्यांना भीती वाटली. दुसरा आईवडिलांच्या घटस्फोटाचा. त्यात एका मुलीनं वडिलांबद्दल तक्रार केली होती, प्रुफात तिचं नाव होतं आणि वडिलांना बाजू मांडायची संधी मिळाली नव्हती. दुरुस्तीला वेळ नाही असं समजून त्यांनी ते लेख असलेली दोन्ही पानं काढली. सहा पानांचा अंक चार पानांवर आला. वृत्तपत्रात काम करणाऱ्या विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या आणि 1988 साली सर्वोच्च न्यायालयानं 5 विरुद्ध 3 मतांनी शाळेच्या बाजूनं निकाल दिला.

अख्खी पानं काढणं मला चुकीचं वाटतं. त्यांवरचा बाकीचा निर्दोष मजकूरही त्याबरोबर गेला. पण आज निकालाऐवजी ते प्रूफ पाहू. वृत्तपत्राचं काम पाहणाऱ्या शिक्षकांनी मुलीचं नाव अंतिम मजकुरातून आधीच काढलं होतं. मुख्याध्यापकांना ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या हातातल्या प्रुफात नाव तसंच होतं.

प्रत्येक प्रुफाच्या कोपऱ्यात क्रमांक, तारीख, वेळ आणि वाचणाऱ्याची सही हवी, ती यासाठी. नवं प्रूफ निघालं की जुन्यावर तिथल्या तिथे लाल फुली मारायची. फाईलच्या नावात ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरं फायनल’ असं लिहू नका. 1, 2, 3 असे आकडे घाला. आणि पान छपाईला सोडायचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवा. ‘सगळ्यांनी पाहिलं होतं’ याचा अर्थ बहुतेक वेळा कुणीच नीट पाहिलं नव्हतं, असा निघतो.

आता नाव बदलण्याचं. वर्ग, खेळ, भावंडांची संख्या आणि ‘गेल्या वर्षीच या शाळेत आलेली’ एवढं लिहिलं की नाव छापायची गरजच उरत नाही. तपासणी सोपी आहे: लिहिलेले सगळे तपशील लागू पडतील अशा किती जणी शाळेत आहेत ते मोजा. उत्तर एक किंवा दोन आलं तर ओळख लपलेली नाही. मग तपशील कमी करा. खोटा तपशील घालून दिशाभूल मात्र करू नका. आणि ज्या मुलीचं दुखणं आपण छापतोय तिला, अंक कुणाकुणाच्या हाती पडेल आणि इंटरनेटवर तो वर्षानुवर्षं सापडेल, हे संमती घेण्याआधी सांगा.

ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारणं म्हणजे रात्री दहाला मेसेज टाकून सकाळी ‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’ छापणं नव्हे. नेमका आरोप लेखी कळवा, उत्तराची मुदत सांगा, निदान एक पूर्ण दिवस द्या, आणि कधी, कसा संपर्क केला याची नोंद ठेवा. उत्तर आलं तर ते आरोपाच्या शेजारी छापा, शेवटच्या ओळीत कोंबू नका.

बाकीच्या चुका साध्या असतात, म्हणून वारंवार होतात. नाव ऐकून लिहू नका. त्या माणसाकडूनच वहीत लिहून घ्या. फोटोत सहा चेहरे आणि ओळीत पाच नावं, हे मोजल्याशिवाय कळत नाही. 20 जणांना विचारून ‘60 टक्के विद्यार्थी नाराज’ असा मथळा देऊ नका, ‘20 पैकी 12’ लिहा. 40 टक्क्यांवरची हजेरी 50 टक्क्यांवर गेली तर ती 10 टक्क्यांनी वाढली म्हणता येत नाही. मुळाच्या तुलनेत ती वाढ 25 टक्के आहे. ‘40 वरून 50 टक्क्यांवर’ एवढं लिहिलं की घोळच होत नाही.

मुद्रितशोधन मजकूर लिहिणाऱ्यानं करू नये, कारण डोळा चुकलेला शब्दही मनातल्यासारखाच वाचतो. कागदावर वाचा. मथळे, नावं, आकडे आणि तारखा यांची वेगळी फेरी करा. बारीक अक्षरं सगळे तपासतात आणि सर्वांत मोठ्या अक्षरांतली चूक तशीच छापून येते. शेवटच्या मिनिटाला एक शब्द बदलला तरी परिच्छेद पुन्हा वाचा. बदललेल्या कर्त्याबरोबर क्रियापद बदलायचं राहतं.

एवढं करूनही चूक होईल. तेव्हा ‘अनवधानानं काही त्रुटी राहिल्या’ असा गुळमुळीत खुलासा नको. कोणत्या अंकात, कोणत्या पानावर, काय चुकीचं छापलं आणि बरोबर काय, हे चारही सांगा. चूक पहिल्या पानावर असेल तर दुरुस्तीही पहिल्या पानावर. इंटरनेटवरचा मजकूर गुपचूप बदलू नका. बदल केल्याची तारीख खाली लिहा. मथळ्याचं चित्र करून समूहांवर पाठवलं असेल, तर दुरुस्तीही त्याच समूहांवर पाठवा. आणि ज्याचं नाव चुकलं त्याला अंक निघायच्या आधी स्वतः जाऊन भेटा. फोन नको, भेटा.