शेपटी दिसली का?

मित्रहो, काही वर्षांपूर्वी एका वाचनालयात मी 'माउस' हे चित्रांतून गोष्ट सांगणारं, मोठ्यांसाठीचं पुस्तक शोधत होतो. कादंबऱ्यांत नाही, चरित्रांत नाही. शेवटी सापडलं बालविभागात, इसापनीतीला टेकून. मुखपृष्ठावर उंदीर आहेत, म्हणजे पोरांचंच पुस्तक, असा हिशेब. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आर्ट स्पीगेलमन हा अमेरिकन चित्रकार. त्याचे वडील पोलंडमधले ज्यू, नाझींच्या आउशवित्झ छावणीतून जिवंत परतलेले. त्यांची हकिगत म्हणजे हे पुस्तक. यात ज्यू उंदीर आहेत, जर्मन मांजरं आणि पोलिश लोक डुकरं. १९९२ साली याला विशेष पुलित्झर मिळालं. पण पारितोषिक राहू द्या, मी तुम्हाला एक चित्र सांगतो. जीव वाचवायला स्पीगेलमनचे आईवडील पोलिश असल्याचं सोंग घेऊन रस्त्यानं निघालेत. दोघांनीही तोंडावर डुकराचे मुखवटे बांधलेत. वडिलांचं सोंग वठलंय. आईच्या कोटाखालून मात्र लांब शेपटी लोंबतेय. ती चेहऱ्यावरून ज्यू म्हणून ओळखू यायची, एवढंच वडील सांगतात; शेपटीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पहिल्या वाचनात मला ती दिसलीच नव्हती. संवादाच्या फुग्यातला मजकूर वाचत मी सरळ पुढं गेलो होतो. दुसऱ्या खेपेला दिसली आणि मी पुस्तक मिटून बसलो. चित्रांची पुस्तकं तासाभरात वाचून होतात म्हणतात ना, ती अशी होतात. अर्धी वाचायची राहून जातात.

त्याच सुमारास मी विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' पुन्हा काढलं. १९३९ची कादंबरी. जर्मनीतून परागंदा झालेली हेर्टा, तीही ज्यू, आणि युरोपातून मुंबईकडे निघालेली ती बोट. एकही चित्र नाही, तरी ते डेक माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. माणसाच्या मनातली घालमेल बेडेकरांनी जशी मांडली आहे, तशी चित्रातून मांडलेली मी अजून पाहिलेली नाही, हे मोकळेपणानं सांगतो. पण ती शेपटी वाक्यात लिहिली असती, तर तिची उपमा झाली असती. चित्रात ती शेपटीच राहते. दोन्ही पुस्तकं एका कपाटात हवीत, एवढंच माझं म्हणणं.

आणि हे कोल्हापुरात समजावून सांगावं लागतं, याचं मला नवल वाटतं. चित्रकार आणि चित्रपटकार बाबूराव पेंटरांचं हे गाव. घाट उतरून कुडाळजवळ पिंगुळीला गेलं की चित्रकथीची परंपरा भेटते. एकेक चित्र पुढं धरायचं आणि गात गात कथा सांगायची. चित्र वाचायची सवय आपल्याला बाहेरून आणायला नको.

'भीमायन' पाहा, बाबासाहेब आंबेडकरांची चित्रांतून सांगितलेली कथा. २०११ साली इंग्रजीत आलं. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांची. आपली माणसं चौकटीत कोंडायची नाहीत, असं त्यांनी ठरवलं, म्हणून या पुस्तकात चौकटीच नाहीत. त्यांच्या भिंतीवरच्या दिग्ण्याच्या, म्हणजे पारंपरिक नक्षीच्या, रेषा पानभर वळत जातात. मला सर्वांत भिडले ते संवादाचे फुगे. सोसणाऱ्यांचे, मायेनं बोलणाऱ्यांचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे. जातीचं विष ओकणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. अक्षर न वाचता कळतं, हे बोलणं डसणार आहे. १९२० साली माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी ज्या बाबासाहेबांना 'हा तुमचा खरा पुढारी' म्हणून लोकांपुढं उभं केलं, त्यांची ही कथा. ती आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या कपाटात असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. ही पुस्तकं महाग असतात, मान्य. म्हणून तर वाचनालयांनी घ्यायची.

तिन्ही पुस्तकं इथं टेबलावर ठेवली आहेत. जाताना हातात घ्या. 'माउस'मध्ये त्या पानावर मी खूण घातलेली नाही, तुमचं तुम्ही शोधा. आज घाईत असाल तर घरी या, पुस्तक न्या आणि सावकाश परत करा.