एमजीबीचं खरं दुखणं सिलमध्ये असतं

या व्हिडिओतली ही एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छपराची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १९७१ सालची, गडद हिरवी, क्रोमचे बंपर, तारांची चाकं. लांबून बघितली तर वाटतं की धुवून पुसून पॉलिश मारलं की झालं. पण दाराखालचा हा पत्रा बघा, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जातो तो, याला सिल म्हणतात. यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलं की चांगल्या पत्र्याचा टणटण आवाज येतो आणि इथून पुढे, हा असा, भद्द. आत पत्रा उरलेलाच नाही. वरची पुट्टी आणि पेंट तेवढं जागेवर आहे. आधीच्या कुणीतरी डेंटिंग पेंटिंग मस्त करून घेतलं होतं, पण गाडी ज्याच्यावर उभी आहे तेच आतून खाल्लं गेलं होतं.

गाडी आमच्या मित्राची. तो इंग्लंडमध्ये स्विंडनजवळ राहतो, मूळ कोल्हापूरचा, आणि घराला लागून एक गाडी जेमतेम मावेल एवढं गॅरेज आहे. एमजीबी बनायची तो अॅबिंग्डनचा कारखाना इथून फार लांब नाही. १९६२ ला सुरू झाली, १९८० ला बंद झाली, आणि तेवढ्यात पाच लाखांच्या वर गाड्या बाहेर पडल्या, म्हणजे ही काही श्रीमंतांनी कपाटात ठेवायची गाडी नव्हती. शाळामास्तर, नर्स, नुकतं लग्न झालेलं जोडपं, असल्या लोकांनी घेतलेली स्पोर्ट्स कार. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल हे सगळं बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, या तिच्या मूळ कंपनीच्या साध्या फॅमिली गाड्यांच्या घराण्यातलं, आणि म्हणूनच ती साध्या माणसाला घरी खोलता येते असं मला मनापासून वाटतं.

आता सिलचं एवढं का, ते सांगतो. हिच्या आधीची एमजीए वेगळ्या चेसिसवर बसवलेली असायची. एमजीबीला चेसिसच नाही, बॉडी हीच चेसिस. त्यात वर छप्पर नाही. छप्पर असलेल्या गाडीत वरचा पत्रापण वजन पेलायला मदत करतो, इथे ते सगळं काम दोन बाजूच्या सिलना आणि मधल्या टनेलला, म्हणजे दोन सीटच्या मधल्या उंचवट्याला, करावं लागतं. म्हणून सिल म्हणजे एक पत्रा नाही, बाहेरचा एक, आतला एक, दोन्हींच्या मध्ये उभी पट्टी आणि खालून त्यांना बांधणारा कॅसल रेल, असे थर आहेत. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर या पोकळीत जातं आणि आतून खात बसतं. वरचा पेंट फुगलेला दिसेपर्यंत आतलं सगळं झालेलं असतं.

पुढच्या मडगार्डच्या आतपण हेच. चाकामागे एक उभा पत्रा आहे, त्याच्या वरच्या कडेला चिखल अडकतो आणि ओला राहतो, वर्षानुवर्षं. हे बघा किती माती निघाली, चांगलं घमेलंभर. पुढची मडगार्डं निदान बोल्टवर आहेत त्यामुळे काढता येतात, मागची वेल्ड केलेली. अर्थात बोल्ट आहेत म्हणजे ते सुटतात असं नाही, गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑईल मारायचं, सकाळी परत मारायचं, मग गरम करायचं, आणि तरी घाई केली की डोकं तुटून हातात येतं. पानेसुद्धा वेगळे लागतात, इंचाचे. आपले नेहमीचे मिलिमीटरचे पाने इथे जवळपास बसतात आणि तेच वाईट, अर्धा इंचाच्या नटला १३ चा पाना लावला तर तो बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की नटचे कोपरे गोल करून ठेवतो.

कापायच्या आधी सगळ्यात महत्त्वाचं काम हे, दाराच्या मोकळ्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल घट्ट बसवायचा, बिजागरीच्या खांबापासून मागच्या लॉकच्या खांबापर्यंत. कारण सिल कापली की त्या बाजूला गाडीला धरून ठेवणारं काही राहत नाही, बॉडी मधून वाकते, आणि वाकलेल्या अवस्थेत नवीन सिल वेल्ड केली की ते वाकणं कायमचं पक्कं झालं, मग दार आयुष्यात नीट लागणार नाही. एका वेळी एकच बाजू. आणि प्रत्येक टप्प्यावर दार परत लावून फट बघायची, वर किती, खाली किती. मित्र दार लावतो, फट बघतो, टॅक म्हणजे वेल्डिंगचा छोटा टाका मारतो, परत दार लावतो. हे बघायला कंटाळवाणं वाटेल म्हणून व्हिडिओत आम्ही थोडंच ठेवलंय पण खरं कौशल्य इथेच आहे, वेल्डिंगची ठिणगी दिसते छान, पण गाडी सरळ राहते ती या फटी बघण्यामुळे.

वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी पूर्ण काढून गॅरेजच्या बाहेर. ती डिकीच्या खाली असते. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात त्यापण बाहेर. यात सूट नाही. मग मिग मशीन, आपल्याकडे ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात ते. कारखान्यात पत्रे ठिपक्याठिपक्यांनी जोडणारे स्पॉट वेल्ड होते, घरी स्पॉट मशीन सगळीकडे पोचत नाही म्हणून वरच्या पत्र्याला भोकं पाडून ती भरून घ्यायची, मध्ये जस्ताचा प्रायमर, आणि सगळं झाल्यावर सिलच्या पोकळीत पातळ मेण फवारायचं जे सांध्यासांध्यात शिरतं. हे मेण मारलं नाही तर नवी सिलपण आतून गंजायला लागते.

आणि ही नवी सिल आली कुठून? कारखाना बंद पडला की पत्रे दाबायचे साचे भंगारात जातात, बहुतेक गाड्यांचं हेच होतं. एमजीबीचे जुने साचे मात्र शोधून गोळा केले गेले, आणि १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने त्याच मूळ साच्यांतून अख्खी नवी बॉडी बनवून विकायला सुरुवात केली. अख्खी बॉडी! गाडी बंद होऊन आठ वर्षं झालेली. आज घरी बसून कुणी सिल, मडगार्ड, फ्लोअर मागवू शकतो ते त्या लोकांनी साचे वाचवले म्हणून. माझ्या मते जुनी गाडी घरी नीट होते की नाही हे मालकाच्या जिद्दीवर जेवढं आहे त्याहून जास्त यावर आहे, की तिचे पार्ट अजून कोणी बनवतंय का. आपल्याकडे कितीतरी चांगल्या गाड्या शेडमध्ये उभ्या उभ्या गेल्या कारण एक काच नाही मिळाली, एक रबर नाही मिळालं.

इंजिनकडे येऊ. १७९८ सीसी, चार सिलिंडर, दोन एसयू कार्बोरेटर. बीएमसीचं बी सिरीज इंजिन. आणि मराठी माणसाला हे इंजिन अगदीच परकं नाही, कारण आपल्या अॅम्बॅसेडरमध्ये जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन बरीच वर्षं होतं ते याच घराण्यातलं, त्याचंच लहान भावंड म्हणा. मित्राचे वडील, आबा, उन्हाळ्यात इकडे राहायला आलेत, त्यांनी कोल्हापुरात अॅम्बॅसेडर टॅक्सी चालवली आणि स्वतःच दुरुस्त केली. बॉनेट उघडल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग व्हॉल्व्ह कव्हरवर हात ठेवून म्हणाले, "आरं, हे तर आपलंच की."

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची फट, त्यांनीच सेट केले. आठ व्हॉल्व्ह आहेत, त्याचा नऊचा हिशोब असतो. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पहिल्याची फट बघायची, सातवा उघडला की दुसऱ्याची, सहावा उघडला की तिसऱ्याची, बेरीज नऊ. "आबा, पंधरा थाऊ ना?" "पंधरा. फिलर गेज जरा अडकत सरकायला पायजे, सैल नको आणि ओढायलाबी लागू नये." फिलर गेज म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी. इंजिन थंड असताना, इंचाचे पंधरा हजारांश. पुस्तकात आकडा मिळतो, पण ते 'जरा अडकत' किती ते हाताला कळावं लागतं आणि आबांच्या हाताला ते माहीत होतं.

क्लच प्लेट बदलायची तर इंजिन बाहेर काढावंच लागतं, गिअरबॉक्ससकट क्रेनला लावून तिरकं करून ओढायचं. आणि एकदा इंजिन बाहेर आलं की क्लच दाबणारं रिलीज बेअरिंग नवीन टाकूनच परत बसवायचं, कारण या गाडीत ते ग्राफाइटचं असतं, झिजतं, आणि परत तेवढ्यासाठी इंजिन उतरवायची कुणाची तयारी नसते.

वायरिंगला लोक उगाच घाबरतात. वायरिंग बनवणाऱ्या लुकास कंपनीचे वायरींचे रंग ठरलेले आहेत, तपकिरी म्हणजे थेट बॅटरीकडून, पांढरा चावी फिरवल्यावर, हिरवा त्याच्या पुढे फ्यूजमधून, काळा म्हणजे अर्थिंग, बॉडीला जोडलेली वायर. दिवे मंद, इंडिकेटर अडखळतो, काटा नाचतो, यातल्या बऱ्याच तक्रारी गंजलेल्या अर्थिंगच्या निघतात. नट काढा, पत्रा चकचकीत घासा, परत आवळा.

चावी फिरवल्यावर मागून टिकटिक ऐकू येते ना, तो पेट्रोल पंप. कार्बोरेटरचे कप भरले की टिकटिक थांबते. थांबली नाही तर एकतर टाकीत पेट्रोल नाही किंवा कुठेतरी गळतंय, आणि गळत असेल तर स्टार्टर मारायचा नाही, आधी खाली वाकून बघायचं. पेट्रोलच्या नळ्या सगळ्या नवीन टाकल्या आहेत, कारण ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं आहे आणि जुनं रबर त्यात मऊ पडून तडकतं. आबा म्हणाले आमच्याकडं तर वीस टक्क्याचं आलंय. ज्यांच्याकडे महाराष्ट्रात जुनी गाडी किंवा जुनी जावा, येझदी आहे त्यांनी हे आजच बघा, नळी दाबून बघा, वास घेऊन बघा.

पुढची चाकं ज्या पिनवर वळतात त्या किंगपिनला ग्रीस मारायचं असतं, दर ३००० मैलांना, प्रत्येक बाजूला ग्रीस भरायचे तीन निपल. नव्या गाड्यांची सवय झालेले लोक हे विसरतात, आणि पिन झिजली की स्टिअरिंग जड होतं. ग्रीस गन पाच मिनिटांचं काम आहे.

ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स माफ होतो, आणि गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर वार्षिक तपासणीपण सक्तीची नाही. मित्राने तरी तपासणी बुक केली आहे. सिल त्याने स्वतः वेल्ड केल्यात, त्या दुसऱ्या कुणीतरी खालून टॉर्च मारून ठोकून बघाव्यात असं त्याचं म्हणणं. मंगळवारी सकाळी नऊची वेळ मिळालीय. त्याआधी इंजिनच्या हेडचे नट ठरलेल्या टॉर्कवर परत आवळायचे आहेत, आणि ते केलं की टॅपेट परत बघावे लागतात. आबांचं परतीचं विमान त्याच्या पुढच्या शनिवारी आहे, तेवढ्यात एकदा ते चालवणार.