पॅन्ट्रीतला कागद

(दृश्य: ऑफिसची पॅन्ट्री. कॉफी मशीनशेजारी सूचनाफलक.)

अमेरिकेतल्या आयटी ऑफिसात कधीकधी पॅन्ट्रीच्या भिंतीवर एक कागद लागतो. पुण्या-मुंबईहून गेलेली आपली मुलं तिथे कप भरतात आणि जागेवर परततात. कागद वाचायला क्वचितच कुणी थांबतं. त्याचं नाव लेबर कंडिशन ॲप्लिकेशन, म्हणजे एलसीए.

एच-वन-बी हा अमेरिकेत नोकरी करण्याचा व्हिसा, सध्याच्या रूपात 1990च्या कायद्याने आला. वर्षाला 65 हजार व्हिसा, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी 20 हजार. अर्ज त्याहून जास्त आले की निवड लॉटरीने होते, आणि या लॉटरीची चर्चा घरोघरी होते. एलसीएची होत नाही, आणि खरं संरक्षण तर तिथेच आहे. व्हिसासाठी अर्ज करते कंपनी. त्याआधी ती सरकारला लिहून देते: काम अमुक, ठिकाण अमुक, आणि पगार त्या भागात त्या कामाला मिळतो त्याहून कमी नाही.

आता बेंच. प्रोजेक्ट संपला, पुढचा मिळेना. "क्लायंट मिळेपर्यंत पगार नाही," असं मुलाला सांगितलं जातं, आणि व्हिसाच्या धास्तीने तो गप्प बसतो. हे सरळसरळ बेकायदेशीर आहे. काम मिळवून देणं ही कंपनीची जबाबदारी. काम नसलं तरी ठरलेला पगार द्यावाच लागतो. स्वतःच्या कारणाने घेतलेली रजा तेवढी वेगळी.

तपासणीही होते. इमिग्रेशन खात्याचे अधिकारी न कळवता ऑफिसात येतात. कुठे बसता, काय काम करता, पगार किती, असं विचारतात. 2013 मध्ये इन्फोसिसने अमेरिकी सरकारशी 3 कोटी 40 लाख डॉलरची तडजोड केली. बी-वन या भेटीच्या व्हिसावर माणसं आणून प्रत्यक्ष काम करून घेतल्याचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. आय-नाइन फॉर्ममधल्या चुका मात्र मान्य केल्या. आय-नाइन म्हणजे प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला काम करण्याची परवानगी आहे याची नोंद. 1986च्या कायद्यापासून ती ठेवणं मालकावर बंधनकारक आहे.

(दृश्य: टेबलावर एलसीए आणि पगाराची स्लिप.)

रुजू होण्याच्या दिवसापर्यंत एलसीएची प्रत तुमच्या हातात यायलाच हवी. नसेल मिळाली, तर आजच मागा. पहिली पगाराची स्लिप तिच्याशेजारी ठेवून आकडे जुळवा. पगार कमी दिसला, तर डब्ल्यूएच-फोर हा फॉर्म भरून श्रम खात्याकडे तक्रार करता येते. मुदत 12 महिन्यांची.