नाक्यावरचे कागद

सकाळचे साडेसात वाजले आहेत. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या मजूर नाक्यावर गवंडी कामाची वाट पाहत उभे आहेत. त्यांतील एकाच्या पिशवीत थापी आहे, ओळंबा आहे आणि दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले आधार कार्ड आहे. त्याची बोलण्याची ढब ऐकून ठेकेदार मजुरी ठरवण्याआधी गाव विचारतो.

याच भागातील कामगार वस्तीजवळ जानेवारी २०२५ मध्ये एका अभिनेत्यावरील हल्ल्याचा संशयित पकडला गेला आणि तो बांगलादेशातून बेकायदा आल्याचे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर रहिवाशांच्या मनात बसलेली धास्ती खरी आहे, आणि ती उडवून लावणे आम्हाला मान्य नाही.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आश्रय कोणाला द्यावा हे ठरवणारा स्वतंत्र कायदाही आपल्याकडे नाही. त्यामुळे २०१७ मध्ये म्यानमारच्या लष्कराच्या अत्याचारांतून जीव वाचवून निघालेला रोहिंग्या आणि मजुरीसाठी चोरून सीमा ओलांडणारा माणूस हे दोघेही एकाच मापाने मोजले जातात. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने तीन शेजारी देशांतील सहा धर्मांच्या लोकांना वाट करून दिली, पण पाकिस्तानात छळ सोसणाऱ्या, स्वतःला मुसलमान मानणाऱ्या अहमदिया पंथीयांना त्या यादीत जागा मिळाली नाही.

जर्मनीत २०१५ मध्ये सुमारे ८ लाख ९० हजार आश्रयार्थी आले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात बर्लिनच्या नाताळ बाजारात ट्रक घुसवून हल्ला झाला. हल्लेखोराचा आश्रयाचा अर्ज त्याआधीच फेटाळला गेला होता, त्याने अनेक खोटी नावे वापरली होती, तरीही तो देशातच राहिला. यंत्रणेची ही ढिलाई अक्षम्य होती. मात्र त्याच देशात नवागतांसाठी साधारण ६०० तासांचे भाषावर्गही चालतात, आणि मुसलमान शेजारी परका राहू नये यासाठी असा वर्ग पहाऱ्याइतकाच गरजेचा आहे, असे आमचे ठाम मत आहे.

ठाणे जिल्ह्याला निर्वासित नवे नाहीत. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सिंधी कुटुंबे उतरली, १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले आणि तिथल्या पत्त्यांत ‘कॅम्प नंबर चार’ आजही लिहिले जाते. ते बहुतेक हिंदू होते म्हणून सामावले गेले, असे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. पण त्यांची भाषा निराळी होती, लिपी निराळी होती, आणि सरकारने त्यांना आधी छप्पर दिले होते, हेही तितकेच खरे आहे.

जून २०२५ मध्ये याच जिल्ह्यातील मीरा रोड येथे मुर्शिदाबादच्या एका मुसलमान गवंड्याला बांगलादेशी समजून ताब्यात घेण्यात आले. घरच्यांनी कागदपत्रे पाठवली, तरी काही दिवसांतच त्याला सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि पश्चिम बंगाल सरकारने पाठपुरावा केल्यावर परत आणावे लागले. तो भारतीय नागरिक होता.

नाक्यावरच्या गवंड्याने ठेकेदाराला गावाचे नाव सांगितले आहे, मुर्शिदाबाद. आधार कार्ड त्याने न मागताच पुढे केले आहे.