महेश्वरच्या समोरचा काठ

सकाळचे साडेसहा. राजवाड्यापाशी पोह्यांची परात वाफेवर चढली आहे आणि इंदूरच्या मराठी मंडळींची बस पोह्यांवाचून हलायला तयार नाही. शेव, जिरावण, वर जिलेबी. मग महू, मानपूर, घाट. खाली उतरलो की माळवा संपतो, निमाड सुरू होतो आणि स्वेटर उतरू लागतात.

महेश्वर. होळकरांची ही राजधानी आपल्या घरांत तोंडपाठ असते : अहिल्याबाईंची गादी, घाट, मागावरची साडी. आज बरोबर आलेले इतिहासाचे निवृत्त मास्तर मात्र पायऱ्यांवर उभे राहून म्हणतात, "आता घाटाकडे पाठ करा."

समोर नर्मदेचं पात्र. मधल्या खडकाच्या इवल्याशा बेटावर बाणेश्वराचं देऊळ. त्याच्याही पलीकडे, दक्षिण काठावर, नावडाटोली. म्हणजे नावाड्यांची वस्ती. नाव निघते. "नर्मदे हर!"

पलीकडे उतरल्यावर पहिली निराशा. मातीचे उंचवटे, शेतं, बाभळी. "बघायला काहीच नाही हो इथे," एक आजी स्पष्टच म्हणतात. खरं आहे. जे होतं ते मातीखाली होतं.

1952-53 मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ यांनी मिळून इथे कुदळ घातली. पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकळिया, त्यांच्यासोबत सुब्बाराव आणि शां. भा. देव. 1957 ते 59 मध्ये पुन्हा उत्खनन झालं. हाती लागलं साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव : कुडाच्या गोल आणि चौकोनी झोपड्या, जळलेले गव्हाचे दाणे, त्यावरच्या थरांत तांदूळही. लाल मडक्यांवर काळी नक्षी, तिला आज माळवा भांडी म्हणतात. लांब तोटीचे वाडगेही निघाले. तसे इराणात सापडतात, म्हणून सांकळियांची नजर थेट तिकडे गेली. त्यावर पंडितांचे वाद झाले. आपण पुढे जाऊ.

कारण खरी गंमत दगडांत आहे. तांबं होतं, पण थोडं, जपून वापरायचं. रोजचं कापणं-सोलणं दगडी पात्यांवर. इथला काळा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यातल्या पोकळ्यांमध्ये कॅल्सेडनी नावाचा दगड तयार होतो, आपल्या अकीकाचाच भाऊ. कारागीर त्याच्या गोळ्याची एक कड दोन्ही बाजूंनी टिचवून नागमोडी धार काढायचा. त्या धारेवर नेमका दाब दिला की पहिलं पातं सुटायचं. मग त्याच वाटेने दुसरं, तिसरं, सगळी सरळ. लाकडाच्या खाचेत ती ओळीने बसवली की झाला विळा. अशी पाती इथे हजारोंनी निघाली. मास्तर म्हणतात, "हात चुकला की गोळा वाया!"

आणि हेही अलीकडचंच म्हणायचं. नदीकाठच्या गाळात, गोट्यांच्या थरात, याहून कितीतरी जुनी अश्मयुगीन हत्यारं सापडली, हातकुऱ्हाडी. त्या घडवणाऱ्यांना ना गहू ठाऊक, ना मडकं.

"उचला, बघा, आणि जिथला तिथे ठेवा," मास्तर बजावतात. आता आजीसुद्धा वाकल्या आहेत.

ऊन उतरतं. समोरचा घाट सोनेरी होतो आणि सगळे मोबाइल पुन्हा तिकडे वळतात. नावाडी हाक मारतो, डोकी मोजतो. एक कमी भरतं. आठवीतला एक मुलगा अजून काठाशी उकिडवा बसून दगड उलटे करतो आहे.